आधी चाचणी खड्डा, मग फरशी

राज्यातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहराला सध्या आपला नदीकाठ सजवायचा आहे. पुण्यात मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा काठ ‘विकसित’ करण्याचा प्रकल्प सुरू आहे. नाशिकला २०२७च्या सिंहस्थाची घाई आहे. कोल्हापूर-सांगलीपासून नांदेडपर्यंत कुठे घाट, कुठे बाग, कुठे चालण्याचा मार्ग अशी कामे निघतात. शहरात माणसाला मोकळेपणी चालता येईल, मुलांना खेळता येईल, म्हाताऱ्यांना संध्याकाळी टेकता येईल अशा जागा उरलेल्या नाहीत, तेव्हा नदीकाठी त्या मिळाव्यात यात गैर काहीच नाही. अशा कामांवर वादही होतात. नदीचे पात्र अरुंद होते का, झाडे किती जातात, सांडपाणी आधी थांबवायला नको का, हे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. मात्र एक प्रश्न कोणत्याही बाजूकडून फारसा विचारला जात नाही. जिथे जेसीबी लागणार आहे, त्या मातीखाली काय आहे?

हा प्रश्न हौशी इतिहासप्रेमींचा वाटेल, पण तो विज्ञानाचा आहे. दख्खनमध्ये माणूस नदीला धरून राहिला. पाणी, गाळाची जमीन, हत्यारांसाठी गोटे आणि मासे हे सारे एका ठिकाणी मिळायचे ते नदीच्या वळणावर. म्हणून प्रवरेकाठी नेवासे, जोर्वे आणि दायमाबाद, घोड नदीकाठी इनामगाव, तापीकाठी प्रकाशे, गोदावरीकाठी पैठण आणि नाशिक, पंचगंगेकाठी कोल्हापूरचे ब्रह्मपुरी अशी ही माळ आहे. गावकऱ्यांना हे पुरातत्त्वज्ञांच्या आधीपासून ठाऊक होते. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही आपल्या गावगाड्याची जुनी विभागणी. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, भिंतींची माती आणि हाडे मुरून वस्तीची जमीन पांढुरकी होते. अशा पांढरीच्या टेकाडाची माती गढीच्या भिंतींना आणि घरांच्या धाब्यांना वापरली गेली, शेतात खत म्हणूनही टाकली गेली. त्यात कित्येक टेकाडे संपली. ती मात्र टोपली-टोपलीने संपली, त्यासाठी पिढ्या लागल्या. आजचे यंत्र तेच काम एका दुपारी उरकते.

नदीकाठच्या मातीत नेमके काय असते आणि ते गेल्याने काय जाते, याचे सर्वांत चांगले उत्तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावने दिले आहे. शिरूर तालुक्यातल्या या जागेवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावाने त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. लोक प्रामुख्याने बार्ली पिकवत, गुरे पाळत आणि शिकार करत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी चर खणला, बांध घातला. आधीच्या काळातली ऐसपैस चौकोनी घरे उत्तरकाळात लहान गोल झोपड्या झाल्या, म्हणजे गावाचे दिवस फिरले.

आरोग्याच्या दृष्टीने त्याहून मोलाचे आहेत ते तिथले सांगाडे. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतली बरीचशी लहान मुलांची होती. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरण्याची पद्धत होती. त्याचे कारण सांगणारे आता कोणी नाही. पण हाडे आणि दात बोलतात. सुभाष वाळिंबे, जॉन लुकाक्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दातांवर काम केले. पिठूळ अन्न वाढले की दात किडतात. बाळाच्या वाढीच्या काळात आजार किंवा उपासमार झाली, तर दाताच्या कवचावर त्याची खूण उमटते आणि ती पुसली जात नाही. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. उत्तरकाळातल्या इनामगावात मुलांची वाढ खुंटत होती, असे त्यातून दिसले. शेती डळमळली की गावात सर्वांत आधी कोणाच्या हाडावर ते उमटते, हे तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातल्या मुलांनी सांगितले. कुपोषणावर आज चालणाऱ्या चर्चेला एवढी लांब पार्श्वभूमी फार थोड्या ठिकाणी मिळते. राजस्थानात उदयपूरजवळच्या बालाथल इथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा मिळाल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनाने या रोगाच्या इतिहासाची मांडणीच बदलली. हा सांगाडा एखाद्या पायाच्या खणतीत फावड्याला लागला असता, तर तो कवटीसकट राडारोड्याच्या ट्रकमध्ये गेला असता.

यावर नेहमीचे उत्तर असते की, ‘काही सापडले तर काम थांबवू, वस्तू संग्रहालयात देऊ’. हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे आहे. का, ते दायमाबादच्या काशाच्या शिल्पांनी दाखवून दिले आहे. १९७४ मध्ये झाडाचे खोड खणून काढताना तिथल्या शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस अशी चार शिल्पे मिळाली. सगळ्यांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक आहे. देशातल्या प्राचीन धातुकामाचा हा अमोल ठेवा. शिल्पे सुखरूप राहिली, पण ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कोणत्या मडक्यांबरोबर होती याची शास्त्रीय नोंद होण्याआधीच ती वर आली. परिणामी ती हडप्पा परंपरेच्या उत्तरकाळातली की त्यानंतरची, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. धातूचे पृथक्करण झाले, शैलीची तुलना झाली, तरी वाद मिटलेला नाही. वस्तू हाती आहे आणि तिचा काळ हरवला आहे. पुरातत्त्वात वस्तूइतकाच, बऱ्याचदा वस्तूपेक्षा अधिक, तिचा पत्ता महत्त्वाचा असतो.

कोल्हापूरची कथा याच्या शेजारी ठेवावी अशी आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीवर १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात रोमन बनावटीचा जग होता आणि समुद्रदेव पोसायडनची छोटी, देखणी मूर्तीही. लगोलग १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. त्यामुळे हा साठा सातवाहन काळातल्या भरभराटीच्या वस्तीशी जोडता आला. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून येणारा भूमध्य समुद्राचा व्यापार पंचगंगेपर्यंत पोहोचला होता, हे त्यातून ठोस झाले. नाशिकमध्ये गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खणले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मराठा काळापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. म्हणजे ज्या शहरांत आज घाट आणि बागा व्हायच्या आहेत, त्यांच्या काठाखाली काय असू शकते याचा पुरावा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच छापून झाला आहे. तो पालिकेच्या प्रकल्प अहवालात उतरावा, एवढेच बाकी आहे.

आणि गोष्ट फक्त वस्त्यांची नाही. पुणे जिल्ह्यातल्या बोरी इथे कुकडी नदीच्या काठावर अश्मयुगीन हत्यारांच्या सोबतीने ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. ही राख इंडोनेशियातल्या टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी आधीच्या उद्रेकाची, यावर शास्त्रज्ञ अनेक वर्षे वाद घालत आहेत. हत्यारांचे वय त्यावर अवलंबून असल्याने तो वाद क्षुल्लक नाही. असा थर नदीच्या उघड्या दरडीत कापलेल्या खरवसाच्या तुकड्यासारखा दिसतो. काठाला दगडी पिचिंग केले, वर भराव टाकला की तो कायमचा झाकला जातो. दरड छाटून उतार सारखा केला, तर तो उरतही नाही.

याच दरडींत पुराचाही इतिहास आहे. मोठ्या पुरात नदी आडोशाच्या जागी बारीक गाळ सोडून जाते. त्या थरांची उंची आणि वय काढून, नोंदी ठेवल्या जाण्याच्या कितीतरी आधी पाणी कुठवर चढले होते हे सांगता येते. पुणे विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी अशा नद्यांवर हे काम केले आहे. निळी आणि लाल पूररेषा आखताना आपल्याकडे हाताशी असतात त्या काही दशकांच्या नोंदी. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटल्यावर मुठेने काय केले ते पुण्याला आठवते, पण तो धरणफुटीचा पूर होता. नदीचा स्वतःचा हजार वर्षांतला मोठा पूर केवढा, हे काठाचा गाळच सांगू शकतो. तेव्हा चालण्याचा मार्ग किती उंचीवर बांधावा, हा प्रश्न पडलेल्या अभियंत्यालाही हा चाचणी खड्डा उपयोगी पडणारा आहे. त्याला पुरातत्त्वात रस नसला तरी.

सर्वेक्षण म्हणजे दहा वर्षांचे उत्खनन, ही समजूत दूर केली पाहिजे. सुरुवात कागदावर होते. जुने नकाशे, महसुली नोंदी, गॅझेटियर, आधीचे उत्खनन अहवाल पाहायचे आणि स्थानिकांशी बोलायचे. मग ठरावीक अंतराने रांगेत चालत जमिनीवरची खापरे, गारगोटीची पाती, विटांचे तुकडे टिपायचे. त्यानंतर ठरावीक अंतरावर छोटे खड्डे घ्यायचे, माती चाळायची, थर रेखाटायचे. पुढचे ठरते ते या खड्ड्यांत काय मिळाले त्यावर. जमिनीत शिरणारे रडार परदेशी माहितीपटांत झकास दिसते, पण चिकणमातीच्या ओल्या काळ्या जमिनीत त्याच्या लहरी लवकर विरतात, त्यामुळे आपल्याकडे खोऱ्याची आणि चाळणीची सुट्टी होणार नाही. शहरात आणखी एक अडचण आहे. काठावर वर्षानुवर्षे राडारोडा टाकलेला असतो. त्यावरून चालून काही दिसत नाही म्हणून खाली काही नाही, असे मानणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. अनेकदा भराव पांघरुणासारखे काम करतो आणि खालचे थर शाबूत राहतात. तिथे नळीने खोलवरचा मातीचा गाभा काढावा लागतो.

ही चूक किती महाग पडते, ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने अनुभवले आहे. पोर्ट अँजेलिस शहराच्या किनाऱ्यावर पुलाचे भाग बांधण्यासाठी गोदी उभारायची होती. आधी सर्वेक्षण झाले, पण वरवरचे. जुन्या कारखान्यांच्या भरावाखाली ते पोहोचले नाही आणि ‘काही नाही’ असा निष्कर्ष निघाला. २००३ मध्ये काम सुरू होताच मानवी अवशेष निघू लागले. तिथे क्लालम या मूळनिवासी लोकांचे त्से-व्हिट-झेन हे सुमारे २,७०० वर्षांचे गाव आणि त्याची दफनभूमी होती. तीनशेहून अधिक अखंड सांगाडे निघाले. पूर्वजांची हाडे रोज पेट्यांत भरावी लागणाऱ्या त्या समाजाला काय वाटले असेल, ते सांगायला नको. कोट्यवधी डॉलर खर्चून झाल्यावर डिसेंबर २००४ मध्ये राज्याला त्या जागेवरचा प्रकल्प सोडून द्यावा लागला.

त्याच राज्यात काही वर्षांनी उलट घडले. मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय असलेल्या रेडमंड शहरात बेअर क्रीक हा ओढा सामन माशांसाठी पुन्हा वळणदार आणि सावलीचा करायचा होता. जागा एका मॉलच्या मागची, कोणीही ‘इथे काय असणार’ म्हणावे अशी. केंद्रीय परवानगी लागत असल्याने १९६६च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यातल्या कलम १०६ नुसार आधी पुरातत्त्वीय तपासणी करणे भाग होते. २००८च्या सुमारास ती सुरू झाली आणि दगडी हत्यारे मिळाली. खाली खणल्यावर कुजलेल्या वनस्पतींचा, सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचा थर लागला. त्याच्याही खाली आणखी हत्यारे होती, हजारोंच्या संख्येने. त्यांवर चिकटलेल्या अवशेषांतून ती माणसे काय खात होती याचाही माग लागला, आणि त्यात सामनही होता. ज्या माशासाठी ओढा सुधारायला घेतला, तोच मासा दहा हजार वर्षांपूर्वीच्या जेवणात! संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ओढ्याचे कामही पूर्ण झाले. कामाचा आराखडा आणि वेळापत्रक थोडे बदलावे लागले, एवढेच.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९५८चा केंद्रीय कायदा आहे, राज्याचा १९६०चा आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, ही तरतूद २०१०च्या दुरुस्तीने अधिक कडक झाली. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीच्या अर्जात आसपासच्या संरक्षित वारशाची माहिती द्यावी लागते. पण या सगळ्यांचा रोख आधीच माहीत असलेल्या, यादीत गेलेल्या जागांकडे आहे. जी जागा अजून कोणी शोधलेलीच नाही, तिच्यासाठी शोध घेण्याची सक्ती कुठेच नाही. उरतो तो १८७८चा निखात निधी कायदा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन मिळाले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवा, असे तो सांगतो. ही दहा रुपयांची मर्यादा आजही कागदावर आहे. गारगोटीच्या पात्याची किंवा जळक्या बार्लीच्या दाण्याची किंमत त्यात बसवायची कशी, हा प्रश्न व्हिक्टोरिया राणीच्या काळात कोणाला पडला नव्हता. आज तो पडायला हरकत नाही.

इंग्लंडने १९९०च्या नियोजन धोरणातून हा भार बांधकाम करणाऱ्यावर टाकला. आज तिथले बहुतांश उत्खनन विकसकांच्या पैशातून होते. चीनमध्येही मोठ्या बांधकामाआधी पुरातत्त्वीय शोध घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च बांधकाम करणारी संस्था करते. भारतालाही ही कल्पना परकी नाही. नागार्जुनसागर धरणात बुडणारे नागार्जुनकोंड्याचे खोरे १९५४ ते १९६० या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पिंजून काढले, अवशेष उंचावर हलवले. धरणासाठी जे जमले ते बागेसाठी जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. उलट बाग हा अधिक सोपा प्रकार आहे. धरणाची भिंत सरकवता येत नाही, पायवाट सरकवता येते. खाली काही निघालेच, तर तो भाग न खणता वर माती आणि गवत टाकून तसाच राखता येतो.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. एक, नदीच्या गोट्यांच्या थरातली हत्यारे पाण्याने वाहून आलेली असतात, त्यांचा पत्ता आधीच हरवलेला असतो, मग एवढा आटापिटा कशाला? हे काही थरांबाबत खरेच आहे, आणि म्हणूनच कुठला थर हललेला आणि कुठला जागचा, हे पाहणारा जाणकार आधी लागतो. नेवाशाजवळ चिरकी इथे गुद्रुन कॉर्विनस यांनी १९६०च्या दशकात प्रवरेच्या काठावर हेच बारकाईने तपासले. दुसरा आक्षेप वेळेचा. उत्खननाला केंद्राची मान्यता लागते, तज्ज्ञ मोजके, पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात. हा आक्षेप खोटा नाही, पण त्याचे मूळ क्रमात आहे. सध्या निविदा आधी निघते, ठेकेदाराची मुदत सुरू होते आणि मग कोणी खापर दाखवले की प्रत्येक दिवस पैशात मोजला जातो. तपासणी सविस्तर प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावर झाली तर कोणाचेच घड्याळ चाललेले नसते. माती परीक्षणासाठी बोअर त्या टप्प्यावर घेतलेच जातात. त्या बोअरचे गाभे अभियंत्याने पाहून टाकून देण्याआधी पुरातत्त्वाच्या जाणकाराने पाहिले, तरी निम्मे काम त्याच पैशात होते.

तेव्हा मागणी मोठी नाही. नगरविकास विभागाने नदीकाठच्या सर्व कामांसाठी एक आदेश काढावा. प्रकल्प अहवालाला पुरातत्त्वीय तपासणीचे प्रकरण जोडल्याशिवाय मंजुरी नाही, आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्याच अंदाजपत्रकात धरावा. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे माणसे कमी आहेत हे उघड आहे. पण पुण्यातले डेक्कन कॉलेज आणि राज्यातल्या विद्यापीठांचे पुरातत्त्व विभाग दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थी तयार करतात आणि त्यांतले अनेक दुसरी कामे शोधतात. चाळण धरणारे हात आहेत, त्यांना पालिकेचा कार्यादेश हवा. तपासणीचा अहवाल शहराच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवला जावा, ‘काही मिळाले नाही’ असा असला तरी. कुठे, किती खोल पाहिले आणि काय दिसले नाही, हीसुद्धा माहितीच आहे. पोर्ट अँजेलिसमध्ये नेमकी तीच कोणी नीट तपासली नव्हती.

पुणे आणि नाशिकच्या काठावर काही टप्प्यांत यंत्रे आधीच पोहोचली आहेत. जे टप्पे अजून कागदावर आहेत, त्यांच्यासाठी दिवाळीपासून पुढच्या मेअखेरपर्यंतचा कोरडा हंगाम पुरेसा आहे.